दिरहम की रुपये? : शेकडेवारीचा एक महागात पडलेला पाठ



सहावीला शेकडेवारी शिकवताना मी दरवर्षी तीच उदाहरणं द्यायचो. दुकानदाराने पंखा घेतला, विकला, शेकडा नफा किती? मुलं सोडवतात आणि विसरतात. आता मी एक खरं बिल फळ्यावर लिहितो. ते माझंच आहे.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन दुबईला ताईकडे गेलो होतो. आमचं गाव धुळे तालुक्यात, नोकरी जळगाव जिल्ह्यात. आईचा तो पहिला विमानप्रवास. चौथ्या दिवशी रात्री आईच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. दाजी ड्युटीवर होते. मी आणि ताईने टॅक्सी करून तिला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, सलाईन लागलं, पहाटे आई बरी झाली. प्रवासाचा विमा काढलेला नव्हता. (हा गाढवपणा माझाच. कृपया तुम्ही करू नका.) बिल झालं ३,२०० दिरहम.

मी क्रेडिट कार्ड दिलं. काउंटरवरच्या मुलाने मशीन माझ्याकडे फिरवलं. त्यावर दोन पर्याय होते : ३,२०० दिरहम किंवा ७६,१६० रुपये. रात्रभर जागलेला माणूस काय करणार? रुपये ओळखीचे वाटले. नेमका आकडा कळतोय, मागाहून घोळ नको, म्हणून रुपयांवर बोट ठेवलं. तिथेच चुकलो.

जळगावच्या सराफ बाजारात आपण कसं विचारतो? आजचा भाव काय, आणि मजुरी किती? भाव वेगळा, मजुरी वेगळी, वर जीएसटी. परदेशात कार्ड वापरतानाही हेच तीन भाग असतात, फक्त मजुरी कोणी बोलून दाखवत नाही.

त्या दिवसांत एका दिरहमचा बाजारभाव साधारण २२ रुपये ७० पैसे होता. (दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. त्यामुळे डॉलर महागला की आपल्याला दिरहमही महागतो.) म्हणजे ३,२०० दिरहमचे ७२,६४० रुपये. मशीनने मात्र मला २३ रुपये ८० पैसे भाव लावला. फरक ३,५२० रुपये. मशीनच्या या सोयीला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणतात. रूपांतर तिथल्या तिथे होतं, आणि त्यातला नफा मशीन पुरवणारी कंपनी आणि दुकानदार यांच्यात वाटला जातो.

एवढ्यावर भागलं नाही. रुपयात घेतलं तरी व्यवहार परदेशातलाच, म्हणून माझ्या बँकेने १ टक्का शुल्क लावलं, ७६२ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १३७. एकूण ४,४१९ रुपये जास्तीचे गेले, म्हणजे शेकडा सहाच्या वर.

दिरहम निवडले असते तर? भाव कार्डाच्या नेटवर्कचा लागला असता, तो बाजारभावाच्या जवळपास असतो. त्यावर बँकेची ‘मार्कअप’ नावाची मजुरी. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर ती ३.५ टक्के असते : २,५४२ रुपये. तिच्यावर जीएसटी ४५८. बरोबर ३,००० रुपये. तेही कमी नाहीतच, पण १,४१९ तरी वाचले असते. कमी मार्कअपची किंवा बिनमार्कअपचीही कार्डं मिळतात. निघण्याआधी दिरहम भरून ठेवायचं फॉरेक्स कार्डही घेता आलं असतं. जाण्यापूर्वी मी काय केलं होतं? फक्त ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहाराचं बटण चालू केलं होतं. तयारी झाली असं समजलो. कार्डाचं शुल्कपत्रक उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

एक बरं झालं, एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोकड काढली नाही. तिथे रोकड काढायचं शुल्क वेगळं, आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. बिल भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंतची सवलत मिळत नाही.

घरी आल्यावर बिल आलं ते आईने पाहिलं. ताईकडून तिला बिल ७२ हजारांच्या आसपास झाल्याचं कळलं होतं. ती आकडे पक्के वाचते, कापसाच्या पट्टीवर हमाली-तोलाई किती कापली ते बाबांआधी तीच बघायची. म्हणाली, “वरना पैसा कथा गयात रे?” मी समजावलं. ती गप्प बसली. दोन दिवसांनी तिने कापसाचे राखून ठेवलेले पाच हजार माझ्या बॅगेत ठेवलेले सापडले. तिच्या दुखण्यामुळे माझं नुकसान झालं, असं तिने मनात घेतलं होतं. चूक माझ्या बोटाची होती, हे कितीदा सांगितलं तरी तिला पटेना. पैसे परत घेईना. शेवटी ते तिच्याच नावे पोस्टात टाकले.

हे बिल वर्गात मांडलं तेव्हा मुलांनी टक्के भराभर काढले. एका मुलीने विचारलं, “सर, मशीनने विचारलं तर होतं. मग फसवलं कसं म्हणायचं?” मी जरा थांबलो. विचारलं होतं हे खरं. भावही पडद्यावर बारीक अक्षरात असेल, मी वाचला नाही. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “सर, २३.८० ला ३,२०० ने गुणायला किती वेळ लागतो?”

त्याने वहीत गुणून दाखवलं. एक मिनिटही लागलं नाही.