शेवटचा स्टड

ओमनीचा ड्रायव्हर जवळजवळ इंजिनावरच बसलेला असतो, त्यामुळे इंजिनाची कुरकुर त्याला कानाआधी मांडीला कळते. सकाळी लातूरहून निघालो की सीटखाली टिकटिक सुरू व्हायची आणि चाकूर यायच्या आत आपोआप विरून जायची. नांदेडला माल उतरवून गाडी दुपारभर उभी राहिली की परतताना पुन्हा तेच. मी डाळमिलांना पट्टे आणि बेअरिंग पुरवतो. आवाज ऐकून बेअरिंगचं दुखणं सांगायचं हा माझा धंदाच, पण ही टिकटिक काही ओळखू येईना. गावातल्या एका गॅरेजवाल्यानं टॅपेट सैल झाल्याचं सांगितलं, टॅपेट सेट केले, पैसे घेतले. आवाज तसूभर कमी झाला नाही.

नांदेडला देगलूर नाक्याच्या अंगाला एका मिस्त्रींचं पत्र्याचं शेड आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. इंजिन गार होईपर्यंत त्यांनी गाडीला हातच लावला नाही. मग गाडी सुरू करायला सांगून हाताखालच्या पोराला सायलेंसरच्या तोंडावर ओलं फडकं दाबायला लावलं. आतून टिकटिकीची फुकफुक झाली. चाचांनी सीट उचलली, बॅटरी मारली आणि बोट दाखवलं. इंजिनाचा धूर गोळा करून नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या एका टोकाला, हेडला लागून, काजळीचा काळा पट्टा उमटला होता.

"टॅपेट बराबर है सेठ. स्टड गया."

स्टड गेला म्हणजे त्या टोकाला मॅनिफोल्ड दाबून धरणारं काही उरलं नव्हतं. गार असताना फटीतून धूर फटकारे मारत बाहेर यायचा. तापल्यावर लोखंड फुगून फट बुजायची, म्हणून चाकूरपर्यंत आवाज गप्प. मला ते त्रासदायक पण निरुपद्रवी वाटत होतं. ते निरुपद्रवी नाही. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. ज्या गाडीत इंजिन सीटखाली, त्या गाडीत ही गळती म्हणजे माणसाच्या पायाशीच. उन्हाळा होता आणि काचा खाली होत्या, एवढंच.

टोकाचाच स्टड का तुटतो, हे मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, "किनारेवालाच मरता." उत्तर खरं होतं, पण मला पुरेसं वाटलं नाही. चहा पिता पिता बिलबुकाच्या पाठीवर हिशेब मांडला. मॅनिफोल्ड बिडाचं, हेड ॲल्युमिनियमचं. एक अंश तापमान वाढलं की बीड लांबीच्या दहा लाखांत सुमारे ११ भागांनी वाढतं, ॲल्युमिनियम सुमारे २३. वरवर पाहता हेडच जास्त फुगायला हवं. पण हेडभोवती पाणी फिरतं, त्यामुळे ते शंभरेक अंशांवर थांबतं. मॅनिफोल्ड मात्र ५०० च्या पुढं सहज जातं. लांबी ३० सेंटीमीटर धरली तर हेड अर्धा मिलिमीटर वाढतं आणि मॅनिफोल्ड दीडाच्या पुढं. फरक झाला एक मिलिमीटरचा. मधल्या स्टडला तो जाणवतही नाही. दोन्ही टोकांचे स्टड मात्र प्रत्येक फेरीला अर्धा-अर्धा मिलिमीटर आडवे ओढले जातात आणि गार झाले की परत सरळ होतात. वर्षानुवर्षं. त्यातून कुणी पान्यात पाइप घालून नट आवळलेला असेल तर मॅनिफोल्डला सरकायलाही वाव राहत नाही. माझ्या गाडीत तेच झालं होतं. एका नटाचे कोपरे पार गोल झाले होते.

चाचांनी हेड उतरवायचं ठरवलं. मी कुरकुरलो. हेडचं पॅकिंग नवं घ्यावं लागणार, टायमिंग बेल्ट काढावा लागणार. "अंदर हात नहीं जाता, तो ड्रिल कैसा जाएगा?" म्हणाले. मॅनिफोल्ड सोडवताना दुसऱ्या टोकाच्या स्टडनंही मान टाकली. आता दोन तुकडे: एक हेडच्या बाहेर जरासा डोकावणारा, दुसरा छिद्राच्या आत तुटलेला.

पोरगं इझीआउट घेऊन तयारच होतं. तुटक्या स्टडला भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा हा खिळा फिरवायचा, की तुकडा बाहेर येतो. चाचांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. इझीआउट कडक पोलादाचा असतो. गंजलेल्या स्टडमध्ये तोच मोडला तर साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं, आणि गुडघ्याएवढ्या कामाचं कंबरेएवढं होतं. त्याऐवजी त्यांनी दोन्ही तुकड्यांवर डिझेल आणि ऑइलचं मिश्रण सोडलं आणि शेड बंद केलं. मी रात्री सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवलो आणि तिथंच जवळ मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी डोकावणाऱ्या तुकड्यावर त्यांनी एक नट ठेवला आणि नटाच्या पोटात वेल्डिंग भरलं. वितळलेलं लोखंड ॲल्युमिनियमला धरत नाही, स्टडलाच धरतं. स्टड लाल होऊन फुगतो, पण छिद्रात अडकलेला असल्यानं बाहेरच्या बाजूला जागा मिळत नाही. गार होताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते. चाचांनी लगेच पाना लावला नाही. लाली जाऊ दिली, थोडं ऑइल सोडलं, मग पाव फेरा पुढं, पाव फेरा मागं. करकर आवाज करत तुकडा फिरायला लागला.

आतला तुकडा खरा अवघड. स्टड पोलादाचा, भोवतीचं हेड मऊ. ड्रिल जरा कलंडलं की ते स्टड सोडून ॲल्युमिनियम खात सुटतं. यावरची त्यांची युक्ती मला या सगळ्या कामात सर्वांत आवडली. शेजारच्या लेथवाल्याकडून त्यांनी एक छोटं बुश कातून आणलं, बाहेरून मॅनिफोल्डच्या छिद्रात चपखल बसणारं आणि आतून बारीक ड्रिलच्या मापाचं. मग मॅनिफोल्डच पुन्हा हेडवर, शाबूत स्टडवर बसवलं, टोकाच्या छिद्रात बुश घातलं आणि त्यातून ड्रिल चालवलं. ज्यानं स्टड तोडला, त्यालाच वाट दाखवायला लावलं. आधी ३ चं, मग ५ चं, शेवटी साडेसहाचं. आठच्या स्टडची आट्यांपुरती पातळ साल उरली. ती त्यांनी टोकदार पोगरानं सुतळीसारखी ओढून काढली. वरून टॅप फिरवला, मूळचे आटे जागेवर होते.

मॅनिफोल्ड काचेवर उपडं ठेवल्यावर टोकाखालून फीलर गेज आरपार जात होतं. म्हणजे ते वाकलेलंही होतं. लेथवाल्यानं त्याचं तोंड सपाट करून दिलं. टोकांची छिद्रं चाचांनी कानशीनं जराशी लांबट केली, लोखंडाला सरकायला जागा हवी म्हणून. नवे स्टड, तांब्याचं ग्रीस, नट मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे. पाना त्यांनी मुद्दाम अर्ध्यातून कापलेला वापरला. "लंबा पाना हाथ को गधा बनाता," म्हणाले.

वर्कशॉपात काम तासावर मोजलं जातं आणि तासात फक्त हात चाललेला धरतात. इथं निम्मं काम हात न लावण्याचं होतं: इंजिन गार होऊ देणं, डिझेल मुरू देणं, लाली जाऊ देणं. घाई करणाऱ्यानं हेच काम कमी वेळात केलं असतं आणि मला नवं हेड घ्यावं लागलं असतं. तरी बिलात तो जास्त पैसे लावू शकला असता.

चाचांच्या चिठ्ठीवर हेडचं पॅकिंग, स्टड, लेथ, वेल्डिंग आणि मजुरी एवढंच होतं. मी म्हटलं, चाचा, रात्रभर हेड भिजत ठेवलं, त्याचं काय लावलं?

"रातभर मैं तो सोया सेठ," ते म्हणाले. "काम डिझेल ने किया. डिझेल के तीस रुपये लिखना भूल गया, वो दे दो."