घारापुरीचा हंडा

गेवराई तालुक्यातलं आमचं उमापूर. गोदावरी फार लांब नाही, तरी 2016 च्या उन्हाळ्याचं नाव काढलं की माणसं टँकरच्याच गोष्टी सांगतात. अशा गावचा माणूस गेटवेहून लाँचमध्ये बसला की त्याचं लक्ष पाण्यावरून हटत नाही. लाइफ जॅकेट मिळालं तेव्हा कुणी कुरकुर केली नाही. डिसेंबर 2024 मध्ये 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, ते सगळ्यांच्याच डोक्यात होतं.

तासाभरात घारापुरी. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत खेळण्यातली वाटावी अशी गाडी धावते; मी चालतच गेलो. दोन्ही बाजूंना दुकानं, काकडी, कैऱ्या, बोरं. आणि मध्येच, डोक्यावर एकावर एक चकचकीत हंडे घेतलेल्या दोन बायका. पर्यटक त्यांच्याबरोबर फोटो काढतात, वर दहा-वीस रुपये देतात. मी थबकलोच. आमच्याकडे हंड्याचे पैसे आपल्याला मोजावे लागतात.

"मावशी, हे हंडे रिकामेच का?"

"भरलेले घेऊन दिवसभर उभं राहता येतं का, दादा?"

वर सदाशिवाची सुमारे वीस फूट उंच मूर्ती आहे. तिच्यापुढे बोलणं आपोआप थांबतं. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून या बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती आता भायखळ्याला आहे. 1987 पासून लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत. एवढं सगळं पुस्तकात सापडतं. मला ओढ होती वस्तीची.

शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशा इथल्या तीन वाड्या. तालुका उरण, जिल्हा रायगड; समोर मुंबईचे दिवे. पण या वाड्यांत महावितरणची वीज पोचली फेब्रुवारी 2018 मध्ये, समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी तीनेक तास जनरेटर चाले, मग अंधार. राजबंदरच्या एका ओसरीवर आजींनी चहा दिला. फ्रिज आल्यापासून काय बदललं, असं विचारलं तर म्हणाल्या, "मासळी उरली तरी जीव घाबरा होत नाही." मला टीव्हीचं उत्तर अपेक्षित होतं.

पाण्याचं विचारलं तर पावसाच्या साठ्यावर आणि विहिरीवर बोलणं आलं. चारी बाजूंनी समुद्र, पण प्यायचा घोट आभाळाचाच. या बाबतीत उमापूर आणि घारापुरी सख्खे शेजारी. फक्त इथे टँकरलाही बोट लागेल.

बाकी सगळं बोटीवर अवलंबून. कॉलेज, दवाखाना, गॅसची टाकी, लग्नाचा मांडव, सगळं न्हावा, उरण नाहीतर मुंबईकडून येतं. समुद्र खवळला की सगळंच खोळंबतं. पर्यटकांना मुक्काम करता येत नाही. शेवटची लाँच धरावीच लागते. लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा दुकानंही थंड.

"सोमवारी काय करता?" उठता उठता मी विचारलं.

"धुणी," आजी म्हणाल्या, "आणि उरणला जायचं असेल तर उरण. तुम्ही मंगळवारी आलात म्हणून भेटले मी."