पाच-अष्टमांश माणूस

कारखान्यात कामाचा दर्जा घसरला की साहेबलोकांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं : "आजकाल चांगली माणसंच मिळत नाहीत." चाकणला ऐकलंय, वाळूजला ऐकलंय, कोल्हापूरच्या फाउंड्रीतही ऐकलंय. माझा व्यवसाय औद्योगिक मानसशास्त्राचा. कारखान्यात जायचं, माणसं काम कशी करतात ते पाहायचं आणि दिसलं ते मालकाला सांगायचं. त्याला ते आवडेलच असं नाही. हे वाक्य कानावर पडलं की मी विचारतो, माणसं वाईट आहेत हे कशावरून ठरवलंत? मग एक तक्ता पुढे येतो. डावीकडे नावं, उजवीकडे टक्के. काम जणू एकेका माणसाच्या अंगातून निघतं आणि परस्पर त्याच्या खात्यावर जमा होतं.

हा समज किती फसवा आहे, ते दाखवणारं माझ्या विषयातलं सर्वांत लख्ख उदाहरण अहमदाबादचं आहे, १९५३ सालचं. या विषयाच्या अभ्यासकांना ते जगभर ठाऊक आहे. आपल्या व्यवस्थापकांना मात्र जपानचे दाखले तोंडपाठ असतात आणि मुंबई सेंट्रलहून एका रात्रीच्या अंतरावर काय घडलं त्याचा पत्ता नसतो.

हे घडलं ते कॅलिको मिलमध्ये. ही मिल साराभाईंची. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा जो संप गांधीजींनी चालवला, त्यात मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई होते आणि कामगारांच्या बाजूला त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. त्या संपाच्या पोटी पुढे १९२० मध्ये मजूर महाजन ही संघटना उभी राहिली. भांडण लवादापुढे न्यायचं, ही त्या शहराची रीत तिथून पडली. मुंबईच्या गिरणगावचा इतिहास वेगळा. तिथे कामगार आणि मालक यांच्यामध्ये जॉबर बसलेला असे. कामावर घेणारा तोच, बदलीला ताटकळत ठेवणारा तोच आणि हात ओला केल्याशिवाय दार न उघडणाराही तोच. अहमदाबादेत सगळं गोड होतं असं मुळीच नाही, पण बोलणी करायची सवय दोन्ही बाजूंना होती. पुढे जे घडलं त्यात या सवयीचा वाटा मोठा आहे असं मी मानतो.

कॅलिकोच्या जुबिली मिलमध्ये १९५२ साली स्वयंचलित माग आले. साध्या मागावर धोट्यातली कांडी संपली की विणकराला माग थांबवून नवी घालावी लागते. स्वयंचलित मागाला कांड्यांनी भरलेली एक गोल चकती असते, तिला 'बॅटरी' म्हणतात. रिकामी कांडी आपोआप बाहेर पडते आणि भरलेली आत जाते. त्यामुळे जो विणकर एरवी दोन माग पाहायचा, तो आता चोवीस किंवा बत्तीस पाहू शकतो असा हिशेब मांडला गेला. अभियंत्यांनी कामाचे तुकडे पाडले, घड्याळ लावून प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ मोजला आणि माणसं नेमली. २२४ माग, २९ माणसं, बारा प्रकारची कामं. विणकर, बॅटरी भरणारा, मोठी तुटफूट झाली की धागे सांधणारा, नवा बीम चढवणारा, कांड्या वाहणारा, कापड वाहणारा, तेलवाला, झाडूवाला, जॉबर, त्याचा मदतनीस आणि दोन फिटर : एक कांडी संपत आल्याचं ओळखणाऱ्या यंत्रणेचा, दुसरा हवेतल्या दमटपणाच्या यंत्रणेचा. कागदावर चोख.

यंत्रं नवी, मोजमाप शास्त्रीय, तरी उत्पादन वाढेना आणि खराब कापडाचं प्रमाण उतरेना. गिरणीने लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेच्या ए. के. राइस यांना बोलावलं. राइस शेडमध्ये उभे राहिले आणि त्यांनी एक साधा हिशेब केला. चोवीस माग पाहणाऱ्या विणकराच्या मदतीला नेमकं कोण आहे? बॅटरी भरणाऱ्याचा पाच-अष्टमांश, सांधणाऱ्याचा तीन-अष्टमांश, बीम चढवणाऱ्याचा चतुर्थांश आणि कांड्या वाहणाऱ्याचा एक-अष्टमांश. प्रत्येकाच्या मागांची संख्या वेगळी असल्यामुळे कोणाची हद्द कोणाशी जुळतच नव्हती. बॅटरी भरणारा अर्धा याचा, अर्धा त्याचा. दोन विणकरांकडे एकाच वेळी धागे तुटले तर सांधणाऱ्याने आधी कोणाकडे धावायचं? हे ठरवायला वरिष्ठाला हाक मारायची. त्यात जाड सूत लागलं की कांड्या भराभर रिकाम्या होणार आणि बॅटरीवाल्याची दमछाक; सूत कच्चं निघालं की सांधणाऱ्याची. कोणाचा भार कधी वाढेल हे सुतावर अवलंबून आणि मदत कोणाची घ्यायची हे कोणालाच ठाऊक नाही. एकोणतीस माणसं एका छपराखाली होती, पण एकमेकांची नव्हती. सुपरवायझर दिवसभर तंटे मिटवत फिरायचे आणि त्यांची संख्या कमी पडते आहे असं वरच्यांना वाटायचं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे हमखास एक यंत्र येतं. पुणे जिल्ह्यातल्या एका कारखान्यातलं बोअरिंग मशीन. (नाव सांगत नाही, सांगून फरकही पडणार नाही, कारण असं मशीन प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आहे.) मशीनवरच्या मुलाला आवाजावरून कळलं होतं की इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, झिजलं आहे. प्लग गेज भोकात जाताना किंचित अडत होतं. नवं इन्सर्ट टूल क्रिबमध्ये होतं, चाळीस पावलांवर. पण ते मिळायला सुपरवायझरची सही लागते आणि सुपरवायझर वर रिजेक्शनच्या मीटिंगमध्ये बसले होते. मुलगा मशीन चालवत राहिला. शेजारचा लाल क्रेट भरत गेला. मी विचारलं, "थांबवत का नाहीस?" तो म्हणाला, "सर, थांबवली तर डाउनटाइम माझ्या नावावर. चालवली तर रिजेक्शन क्वालिटीच्या नावावर." त्या क्षणी त्या मुलाइतका व्यवहारी माणूस त्या कारखान्यात दुसरा नव्हता. वर मीटिंगमध्ये पडद्यावर आलेख होता आणि 'ऑपरेटरची बेफिकिरी' या कारणावर एकमत होत आलं होतं.

आता पुन्हा जुबिली मिल. राइस यांनी नुसता विचार बोलून दाखवला : काही माग मिळून काही माणसांच्या एका गटाकडे सोपवले तर? राइस तपशिलात शिरण्याआधीच शेडमधल्या माणसांनी ती कल्पना उचलली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची योजना घेऊन ती व्यवस्थापनाकडे आली. माझ्या मते अख्ख्या प्रकरणाचा कणा हा आहे. तज्ज्ञाने गट पाडून दिले नाहीत. सात जणांचा एक गट, त्याच्याकडे चौसष्ट माग. आतली कामं वाटून घ्यायची, अडल्यानडल्याला एकमेकांची करायची. गटाचा म्होरक्या गटातलाच. मजुरीचा दर बोलणी करून ठरला. गौतम साराभाई तेव्हा कंपनीचे प्रमुख होते. घड्याळ लावून आखलेली रचना मोडू द्यायला त्यांनी होकार दिला, ही त्या काळातल्या मालकाकडून लहान गोष्ट नव्हती.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. नव्या घडीत माणसं चाचपडतातच. बहुतेक व्यवस्थापनं इथेच कच खातात. मी पाहिलेले निम्म्याहून अधिक सुधारणांचे प्रयोग पहिल्या वाईट आठवड्यात मेले आहेत, कारण त्या आठवड्याचा आकडा वरच्या मीटिंगला द्यायची हिंमत कोणात नव्हती. कॅलिकोत वरच्यांनी धीर धरला. घडी बसल्यावर मागांची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास होती ती ९५ पर्यंत गेली, आणि खराब कापड ३२ टक्क्यांवरून २० च्या आसपास उतरलं. माग तेच, सूत तेच, माणसं तीच.

मग नेतृत्वाने नेमकं केलं काय? 'प्रेरणा दिली' हे उत्तर मला पटत नाही. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर दोन दिवस नेतृत्व शिबिर घेतात, डोळ्याला पट्टी बांधून एकमेकांच्या अंगावर पडायला लावतात, रात्री गाणी होतात, सोमवारी इन्सर्टवर सही पुन्हा सुपरवायझरचीच लागते. कॅलिकोत सुपरवायझरचं काम बदललं. गटाच्या आतले तंटे गट मिटवू लागला, तेव्हा त्याला कुंपणावर उभं राहायला सवड मिळाली. सूत बरं येतंय का, सुटे भाग वेळेवर मिळतात का, हवेतला दमटपणा टिकतोय का, मध्येच कोणी माणूस उचलून दुसरीकडे नेत नाही ना, हे बघायचं. राइस आणि त्यांचे सहकारी एरिक मिलर यांनी पुढे हाच विचार लावून धरला : वरिष्ठाची जागा गटाच्या सीमेवर. आत घुसून हाकणारा वरिष्ठ सीमा मोकळी सोडतो आणि मग बाहेरची प्रत्येक अडचण थेट कामगाराच्या अंगावर येते. मी कुठल्याही कारखान्यात सुपरवायझरच्या मागे एक पाळी फिरतो ते याचसाठी. तो जास्त वेळ माणसांशी वाद घालतोय की स्टोअर, मेंटेनन्स आणि प्लॅनिंगशी? एवढं बघितलं की त्या लाइनच्या आकड्यांचा अंदाज बहुधा चुकत नाही.

जपानचे दाखले हवेच असतील तर एक चांगला आहे, पण तो अमेरिकेत घडला. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. तिथली गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात, तक्रारींचा डोंगर, गाड्यांचा दर्जा यथातथाच. १९८२ मध्ये तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सच्या भागीदारीत तोच कारखाना 'नुम्मी' या नावाने उघडला. संघटना तीच, आणि कामगार बहुतांशी तेच, म्हणजे ज्यांना आधीचे साहेब वाया गेलेले समजत होते ते. गट केले, गटप्रमुखांना जपानला टोयोटाच्या टाकाओका कारखान्यात नेऊन काम शिकवलं, आणि लाइनवर डोक्यावरून एक दोरी बांधली. अडचण आली की कोणीही ओढायची; गटप्रमुख धावत येणार, वेळेत सुटली नाही तर लाइन थांबणार. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली, गाड्या टोयोटाच्या तोडीस तोड निघू लागल्या. जनरल मोटर्सने ही दोरी आपल्या इतर कारखान्यांतही नेली. दोरी नेणं सोपं होतं. ती ओढणाऱ्याकडे 'काय झालं?' असं विचारत धावणारा गटप्रमुख त्यांना सहजी नेता आला नाही. लाइन थांबली की आरडाओरडा करणारे साहेब जागच्या जागी होते.

आपल्याकडेही अशा दोऱ्या आणि बटणं पुष्कळ ठिकाणी आहेत. कारखान्यात गेलो की मी त्यांच्यावरची धूळ बघतो.

संस्कृती म्हणजे रिसेप्शनच्या भिंतीवर लावलेली मूल्यांची पाटी, असं मानणाऱ्या एचआर विभागांशी माझं फारसं जमत नाही, हे इथे कबूल करून टाकतो. माझ्या अनुभवात एखाद्या ठिकाणची संस्कृती वाईट बातमी वर किती वेगाने आणि किती शाबूत पोहोचते यावरून कळते. मशीनवरच्या मुलाला अकरा वाजता कळलेली गोष्ट प्लांट हेडला पाचच्या रिपोर्टमध्ये 'किरकोळ विचलन' म्हणून दिसत असेल, तर मधल्या चार पायऱ्यांवरच्या प्रत्येकाने ती थोडी थोडी तासली आहे. त्यांनी ती का तासली, ते त्यांना शेवटचं कोण कशावरून ओरडलं यात असतं. वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर यासाठी रकाना नाही. तिथे माणूस एकटा, त्याचे केआरए एकटे आणि त्याचं रेटिंगही एकट्याचंच. पाच-अष्टमांश मदत मिळालेल्या माणसाला पूर्ण माणसाच्या मापाने मोजायचं आणि कमी भरला म्हणून पगारवाढ कापायची, हा प्रकार १९५२ च्या घड्याळवाल्यांपेक्षा पुढारलेला आहे असं मला वाटत नाही.

कॅलिकोची गोष्ट सुखान्त करून सांगायची पद्धत आहे, पण ती तिथे संपत नाही. १९७० मध्ये मिलर पुन्हा अहमदाबादला गेले. काही शेडमध्ये गटपद्धत इतक्या वर्षांनंतरही टिकून होती. काहींमध्ये ती विरून गेली होती, जुन्या सवयी परतल्या होत्या. पुढे गिरणीही बंद पडली. म्हणून 'गट करा, उत्पादन वाढेल' असा मंत्र मी कोणाला देत नाही. सीमा राखणं हे रोजचं काम आहे आणि ते करणारी माणसं बदलली की वर्षानुवर्षांची घडी बघता बघता विस्कटते.

आजची अडचण मात्र त्याहून वेगळी आणि माझ्या मते अधिक नाठाळ आहे. जुबिली मिलमधली माणसं एकमेकांना ओळखत होती. कोण कच्चा, कोण पक्का, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी योजना घेऊन येता आलं. आज आमच्या औद्योगिक पट्ट्यांतल्या कितीतरी लाइनींवर परमनंट माणसं मूठभर आणि बाकीची कंत्राटी. वर्षभरात २४० दिवस भरले की कायद्याने सलग सेवेचा हक्क सांगता येतो, म्हणून सात महिने होत आले की ब्रेक. मुलगा गावी जातो किंवा शेजारच्या कंपनीत दुसऱ्या ठेकेदाराकडून पुन्हा नवा म्हणून लागतो. इन्सर्टचा आवाज ओळखायला जेवढे महिने लागतात तेवढे झाले की गेट पास जमा. अशा लाइनवरच्या कामगारांची 'ओनरशिप' वाढवण्यासाठी एक कार्यक्रम आखून द्या, अशी विचारणा मला गेल्या काही वर्षांत वारंवार येते. मी आधी ब्रेकचं वेळापत्रक मागतो. ते बहुतेक वेळा मिळत नाही. ते ठेकेदाराकडे असतं म्हणतात.