सूर्यास्ताआधी राजगड

पुण्यातील एका व्यापारी कुटुंबात राजगडाचा बेत ठरला. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असले, तरी वाटेवर जीवजंतूंची दाटी असते. म्हणून चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा उलटेपर्यंत सर्वजण थांबले. प्रश्न होता तो वडिलांचा. वय 70, चौविहाराचा नियम अखंड आणि गड पाहण्याची इच्छा जुनी. गुडघ्यांचा त्रास पाहता त्यांनी घरीच राहावे, असे थोरल्याचे मत पडले. सुनेने मात्र दिवसाचा हिशेब सूर्यास्तापासून मागे मांडला.

सूर्यास्त सहाच्या सुमारास. त्याआधी पायथ्याशी भोजन व पाणी आटोपायचे, तर दुपारी दीड वाजता उतरणीला लागलेच पाहिजे. सकाळी सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी नवकारसी पारून चढाई सुरू करायची. नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याने जाऊन, गुंजवण्याकडील चोर दरवाजाची खडी वाट टाळून, पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट धरायची. उकळलेले पाणी, खाखरे व दशम्या सोबत घ्यायच्या. बालेकिल्ल्याचा मोह सोडून पद्मावती माची, तेथील तलाव आणि सईबाईंची समाधी एवढेच पाहायचे.

वडिलांनी विचारले, "दीडपर्यंत माची गाठली नाही तर?"

"जिथे असू तिथून मागे फिरायचे, बाबा. सर्वांनीच."

तेव्हा ते तयार झाले. शिवरायांनी सुमारे 25 वर्षे जेथून स्वराज्याचा कारभार पाहिला, तो गड किती पाहून होईल हे गुडघे ठरवतील. नियम मात्र मोडणार नाही, आणि त्यापायी कोणी एकटे घरी राहणार नाही.