पहिला आला का मंग?

महिना उजाडला की मुलीच्या रांदोसेरूतून, म्हणजे इथल्या पोरांच्या पाठीवर असणाऱ्या त्या टणक चामडी दप्तरातून, कागदांचा गठ्ठा निघतो. एक पत्रक मुख्याध्यापकांचं, एक वर्गशिक्षिकेचं, एक जेवणाचं, एक आरोग्याच्या खोलीचं. आम्ही टोकियोच्या एदोगावा भागात राहतो. इथलं निशी-कासाई म्हणजे भारतीयांची जुनी वस्ती. संगणकाच्या कामासाठी पंचवीसेक वर्षांपूर्वी आलेली माणसं इथे रुजली आणि २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस इथल्या स्थानिक सभागृहात निवडूनही आला. भारतीय शाळाही जवळ आहेत. आम्ही मात्र मुलीला सरकारी जपानी शाळेत घातलं, त्यामुळे ही पत्रकं आमच्या वाट्याला आली.

जेवणाच्या पत्रकात महिनाभराचा बेत असतो. रोजच्या कॅलरी आणि प्रथिनं लिहिलेली असतात. शिवाय कोणता जिन्नस तांबड्या गटातला, कोणता पिवळ्या, कोणता हिरव्या याचं कोष्टक असतं. तांबडा अंग घडवणारा, पिवळा ताकद देणारा, हिरवा तब्येत सांभाळणारा. शाकाहारी घरांत हे कोष्टक पंचांगासारखं वाचलं जातं. कोणत्या दिवशी वरणात मासळीचं पाणी आहे ते बघूनच डबा द्यायचा की नाही हे ठरतं. मुख्याध्यापकांच्या पत्रकात भूकंपाच्या सरावाची तारीख, महिन्याचं उद्दिष्ट आणि शाळेच्या बातम्या असतात. उद्दिष्ट साधंच असतं: समोरच्याला आपणहून नमस्कार करू, किंवा चपला-बूट नीट लावून ठेवू.

रविवारी गावाकडे फोन होतो. गाव रोहिणखेड, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याला वसलेलं, सोळाव्या शतकातली मशीद अजून अंगावर बाळगणारं. इथे १५९१ साली निजामशाहीच्या गादीसाठी लढाई झाली आणि बुऱ्हाण निजामशहाने जमालखानाचा पराभव केला. पहिला कोण आणि दुसरा कोण याची चौकशी आमच्या शिवारात तेव्हापासून चालत आलेली असावी. कारण नातीची ख्यालीखुशाली झाली की माझ्या वडिलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पहिली आली का मंग?"

इथे नंबर देत नाहीत, असं मी सांगतो. प्रगतिपत्रकात प्रत्येक गोष्टीपुढे तीनच खुणा असतात: छान जमतं, जमतं, अजून थोडं हवं. वडील जरा थांबतात आणि म्हणतात, "नंबरच नाही, तं पोरं शाळेत कायले धाडता?"

त्यांचं चुकत नाही. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बातमी म्हणजे नंबर. परिपाठात प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि ठळक बातम्या व्हायच्या, पण त्या बातम्या मुंबई-दिल्लीच्या. शाळेची स्वतःची बातमी वर्षातून दोन-तीनदाच फळ्यावर रंगीत खडूने चढायची. शिष्यवृत्ती परीक्षेत कोणी आलं, शेगावच्या नवोदय विद्यालयात कोणाची निवड झाली किंवा केंद्रावरच्या स्पर्धेत कबड्डीचा संघ जिंकला, तर. मग सव्वीस जानेवारीला सत्कार, गुलाबपुष्प, वही-पेन. चार दिवसांनी 'देशोन्नती'त दोन बोटांची बातमी. शेवटची ओळ छापखान्यात आधीच जुळवून ठेवल्यासारखी: आपल्या यशाचे श्रेय तो आई-वडील, मुख्याध्यापक व वर्गशिक्षक यांना देतो. आमच्या वेळी शिष्यवृत्ती चौथीला होती. २०१७ मध्ये ती पाचवीला गेली, पण बातमीचा साचा बदलला नाही. आता ती फळ्याऐवजी व्हॉट्सॲपच्या गटावर येते, फुलांच्या चौकटीत.

इथल्या पत्रकातही कौतुक असतं, पण ते वेगळ्या तऱ्हेने मोजलेलं. दुसरीच्या वर्गाची बातमी अशी: नऊपर्यंतचे पाढे सगळ्यांनी पार केले. हे पाढे नुसते म्हणून भागत नाही. चढते म्हणायचे, उतरते म्हणायचे आणि मग बाई मधूनच कुठूनही विचारतील तसे सांगायचे. प्रत्येक टप्प्याला कार्डावर शिक्का मिळतो. ज्याचे शिक्के मागे राहिले त्याच्यासाठी मधल्या सुट्टीत ज्याचे झाले तो थांबतो. वर्गातलं शेवटचं कार्ड भरलं त्या दिवशी पत्रकाला बातमी मिळाली. शेवटच्या मुलाचं नाव त्यात नव्हतं, पहिल्याचंही नव्हतं. (पाढे नवापर्यंतच, हे ऐकून माझे वडील हसले. त्यांना पावकी, निमकी, दीडकी अजून पाठ आहेत.)

बक्षिसं इथेही असतात. नव्या वर्षाच्या सुलेखनाची, पुस्तकावर लिहिलेल्या निबंधाची. सकाळच्या सभेत मुख्याध्यापक पहिल्याचं प्रशस्तिपत्र अक्षरन् अक्षर वाचतात. दुसऱ्यापासून फक्त नाव आणि 'पुढचा मजकूर तोच'. पत्रकात मात्र बहुतेकदा इयत्ता आणि संख्या एवढंच उरतं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा इथे २००५ मध्ये पूर्णपणे लागू झाला आणि त्यानंतर शाळा नावांच्या बाबतीत फार जपून वागू लागल्या. वर्गातल्या घरांच्या फोन नंबरांची यादी वाटायचीही प्रथा हळूहळू मोडली. आपल्याकडे मुलाचं नाव, गुण, वडिलांचा व्यवसाय आणि घराचा फोटो एकाच पोस्टमध्ये येतो आणि कोणाला काही वाटत नाही.

एवढ्यावरून इथलं सगळं चांगलं आणि तिकडचं मागास, असा निकाल देणारे लेख परदेशातून पुष्कळ लिहिले जातात. मला तसं म्हणता येत नाही. रंगीत खडूने फळ्यावर लिहिलेलं स्वतःचं नाव मी पाहिलं आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला गावाने नावाने ओळखण्याची ती पहिली वेळ असते. त्या ओळीच्या बळावर शेगाव, पुणे, टोकियो असा रस्ता निघतो. सगळ्यांनी पार केलं, या वाक्यात ते बळ नाही.

शाळेचं मासिक ही गोष्टही आपल्याला नवी नाही. मराठीत शाळांसाठी 'शालापत्रक' १८६१ पासून निघत होतं. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि नंतर विष्णुशास्त्री यांनी ते चालवलं. विष्णुशास्त्र्यांचे संस्कृत कवींवरचे निबंध आधी तिथेच आले आणि १८७५ मध्ये सरकारने ते मासिक बंद केलं. शाळेच्या मासिकात नंबरांच्या याद्यांपलीकडे काय छापता येतं, याचा तो आपल्याच घरातला दाखला आहे.

दोन्हीकडच्या बातम्या वाचताना मला खटकतं ते वेगळंच. जो त्या महिन्यात शाळेत नव्हता तो कुठेच सापडत नाही. जपानमध्ये प्राथमिक आणि माध्यमिकच्या खालच्या वर्गांतली ३,४६,४८२ मुलं २०२३-२४ या वर्षात दीर्घकाळ शाळेत गेली नाहीत. आजार किंवा गरिबी हे कारण नव्हतं, त्यांना शाळा झेपेना. त्यांतली सव्वा लाखाहून जास्त प्राथमिकची. सगळ्यांनी मिळून पार करायचं, याचं ओझं ज्यांना पेलत नाही अशीही त्यांत असणारच. 'सगळ्यांनी पाढे पार केले' हे वाचताना मी आता मोजतो, सगळे म्हणजे नक्की कोण?

आमच्याकडे दिवाळी झाली की वर्ग विरळ व्हायचा. कापूस वेचणीला घरातले सगळे हात लागतात. मोठी बहीण शेतात गेली की धाकटी पाळण्याजवळ. कोणी आईबापाबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जायचं. आता अशा मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक पालांवर जाऊन मुलं शोधतात. हे काम शिष्यवृत्तीच्या निकालापेक्षा अवघड आहे. पण संक्रांतीनंतर परत आलेल्या मुलीची बातमी मी फुलांच्या चौकटीत कधी पाहिली नाही.

मागच्या वेळी गावी गेलो तेव्हा हे एका गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "हजेरी आम्ही रोज वर पाठवतो, भाऊ. ॲपवर भरतो, पोर्टलवर भरतो. पण गावात कोणी विचारत नाही ना." माहितीचा ओघ सगळा वर पुण्या-मुंबईकडे. गावापर्यंत पोचतो फक्त सत्कार.

यात आमच्यासारख्यांचाही हात आहे. बाहेर गेलेली माणसं शाळेला देणगी देतात ती बहुधा आजी-आजोबांच्या स्मरणार्थ पहिल्या क्रमांकाच्या बक्षिसाची. जे गाव सोडून गेले ते पुढे गाव सोडून जाणाराला बक्षीस देतात. म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या गटावर मी सुचवलं की एक बक्षीस सुगीनंतर शाळेत परतलेल्या मुलांना आणि त्यांचा मागे पडलेला अभ्यास भरून काढायला बसणाऱ्या सोबत्यांना द्यावं. शिवाय दर महिन्याला शाळेने एक पान काढावं. पट किती, हजर किती, परत आले किती, कोण काय नवं शिकलं. छपाईचा खर्च आम्ही देऊ.

गटावर आठवडाभर वाद झाला. परत येण्याला बक्षीस दिलं तर न जाणाऱ्याने काय पाप केलं, असं एकाने विचारलं. मुलीचं कामाला जाणं असं चारचौघांत पुकारावं का, असं दुसऱ्याने. दुसऱ्याचा मुद्दा मला पटला. त्या पानावर नावं नकोत, आकडे पुरेत. पहिल्या क्रमांकाची ढाल काढून टाकावी, असंही कोणी तरी सुचवलं, पण त्याला एकही मत पडलं नाही. मीही दिलं नाही.