किती आणि कुठवर

एप्रिलातल्या दुपारी नागपुरात उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाडीत माणूस शिरतो, तेव्हा त्याचा हात कुठे जातो ते पाहावं. सीटबेल्टकडे नंतर, आधी एसीच्या बटणाकडे. पडद्यावर 24 दिसत असतं, ते तो टिचक्या मारत खाली आणतो: 22, 20, 18, आणि त्याखाली 'लो' असेल तर तिथवर. पंधरा मिनिटांत शेजारच्याच्या हातावर काटा येतो, आकडा 26 वर जातो. मग घाम, मग पुन्हा 20. प्रवास संपेपर्यंत ही चढउतार चालते आणि शेवटी निकाल लागतो की या गाडीचा ऑटो एसी काही कामाचा नाही. माझं म्हणणं असं की खोट बहुतेक वेळा यंत्रात नसते, आकडा वाचण्यात असते. तो आकडा गारव्याचं माप आहे असं आपण धरून चालतो, आणि तो तसा नाही.

ही समजूत काही आकाशातून पडलेली नाही. आज जी पिढी पन्नाशीच्या पुढे आहे, तिच्या लहानपणी गाडीतली हवा म्हणजे अँबॅसडरच्या किंवा पद्मिनीच्या पुढच्या दारातली तिकोनी काच. ती जरा फिरवली की वारा थोडा, पुरती फिरवली की थेट छातीवर. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत डॅशबोर्डवर एक छोटा पंखा असायचा, तोही बहुधा चालकाकडेच तोंड करून. (ऑक्टोबर 2023 अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, पंख्याबद्दल कुणी मृत्युलेख लिहिल्याचं आठवत नाही.) मग मारुतीच्या जमान्यात एसी आला, निळ्याकडून तांबड्याकडे जाणाऱ्या खटक्याचा, आणि घाटाचा चढ लागला की तो बंद करायचा ही रीतही त्याच्याबरोबर आली, कारण कॉम्प्रेसर इंजिनाच्याच ताकदीतला वाटा खातो. तिकोनी काच, पंखा, खटका या साऱ्यांना एकच प्रश्न कळत होता: किती? जास्त फिरवलं की जास्त. तीसचाळीस वर्षं हाताला हेच वळण लागलं. ऑटोमॅटिक एसी मात्र वेगळाच प्रश्न विचारतो: कुठवर? आपण त्याला 'किती'चं उत्तर देतो, आणि मग तो ऐकत नाही म्हणून चिडतो.

'कुठवर' विचारायला यंत्राला बराच वेळ लागला. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने 1940 च्या मॉडेलवर कारखान्यातूनच एसी देऊ केला. त्याला 'किती'सुद्धा धड कळत नव्हतं. थंडी करणारी कॉइल डिकीत जागा अडवून बसलेली, थर्मोस्टॅट नाही, कॉम्प्रेसर सुटा करायला क्लच नाही. एसी नको असेल तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढा. दोन वर्षांत ते गुंडाळावं लागलं यात नवल नाही. 1964 मध्ये कॅडिलॅकने 'कम्फर्ट कंट्रोल' आणला तेव्हा पहिल्यांदा असं झालं की चालकाने एकदा आकडा लावायचा आणि गरम हवा, थंड हवा, पंख्याचा वेग यांचा मेळ गाडीने आपला आपण घालायचा. म्हणजे कल्पना साठ वर्षं जुनी आहे. आपल्याकडे ती सर्वसाधारण गाडीत उतरायला पुढची काही दशकं गेली, आणि उतरली तेव्हा तिच्याबरोबर कागदाचं एक जाडजूड पुस्तक आलं. ते अजून ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत आहे.

आता त्या 18 चं पाहू. तापलेल्या गाडीत आतली हवा समजा 50 अंशांवर आहे. आपण 24 मागितलं तर फरक 26 चा, 18 मागितलं तर 32 चा. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही फरक प्रचंडच. दोन्ही वेळा ते पंखा जोरात लावतं, बाहेरची हवा रोखून आतलीच फिरवतं, हीटरकडे जाणारा फ्लॅप पूर्ण मिटतं आणि कॉम्प्रेसरला कामाला जुंपतं. 18 मागितल्याने गाडी लवकर थंड होत नाही. ती नको तिथपर्यंत थंड होत राहते, एवढंच. ही चूक आपल्या एकट्याची नाही. विलेट केम्प्टन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने 1986 साली अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या लोकांशी बोलून घरातल्या हीटरच्या थर्मोस्टॅटबद्दल त्यांच्या काय समजुती आहेत ते मांडलं. बरेच जण थर्मोस्टॅटकडे नळासारखं पाहत होते: जास्त पिळला की जास्त धार. आणि केम्प्टनने त्यांना मूर्खात काढलं नाही; रोजच्या व्यवहारात या समजुतीवर बऱ्यापैकी निभावतं, हे त्याने दाखवलं. न्यायाने बोलायचं तर 'लो' हा अपवाद आहे. तिथे गेलात की गाडी 'कुठवर'चा हिशेबच सोडून देते आणि असेल नसेल तेवढी थंडी ओतते, म्हणजे पुन्हा जुना नळ. पण मग ते ऑटो राहत नाही. खरोखर लवकर गारवा हवा असेल तर चारही काचा मिनिटभर उघड्या ठेवून गाडी चालवावी. आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापलेली असते, तिला थंड करण्यापेक्षा हाकलणं सोपं.

यंत्राला 'कुठवर' कळतं ते त्याच्या नाकाडोळ्यांनी, आणि ती इतकी क्षुल्लक दिसतात की कुणाचं लक्ष जात नाही. स्टिअरिंगच्या आसपास डॅशबोर्डवर दहा रुपयांच्या नाण्याएवढी एक जाळी असते. तिच्यामागे ज्वारीच्या दाण्याएवढा थर्मिस्टर: तापला की त्याचा विद्युतरोध घटतो, गार पडला की वाढतो. त्याच्यावरून केबिनमधली हवा सतत वाहती राहावी म्हणून मागून एक बारीक नळी किंवा चिमुकला पंखा ती ओढत असतो. ब्लोअर चालू असताना टिश्यू पेपरचा कपटा त्या जाळीला लावला तर तो चिकटून राहायला हवा. नाही राहिला, म्हणजे धुळीने ती वाट बुजली आहे, आणि थर्मिस्टर केबिनची नव्हे तर डॅशबोर्डच्या तापलेल्या पोटातली हवा मोजतो आहे. मग माणसं कुडकुडत असली तरी गाडी म्हणत राहते, अजून गरम आहे. दुसरा सेन्सर पुढच्या बंपरमागे, बाहेरच्या हवेचा. सिग्नलला उभं राहिल्यावर इंजिनाची धग त्याच्यापर्यंत येते, म्हणून शहाणी गाडी त्याच्या वाढत्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. तिसरा थंड कॉइलच्या पात्यांत खोचलेला, तिच्यावर बर्फ धरू नये म्हणून. आणि चौथा, सर्वांत मजेशीर, डॅशबोर्डच्या माथ्यावर काचेखाली, काळ्या बटणासारखा: सूर्य पाहणारा.

हा चौथा तापमान मोजतच नाही, ऊन मोजतो. ऊन आत आलं की काही मिनिटांनी केबिन तापणार, हे त्याला आधीच कळतं आणि तक्रार व्हायच्या आत पंखा वाढतो. महागड्या गाड्यांत तो डावंउजवंही ओळखतो. उन्हाळ्यात मुंबईहून सकाळी पुण्याला निघा: तोंड आग्नेयेला, ऊन डाव्या अंगाने. संध्याकाळी परत या: तोंड वायव्येला, आणि मावळतं ऊन पुन्हा डाव्याच अंगाने. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे जाताना आणि येताना भाजतो तो शेजारचा, आणि एसीची बटणं मात्र सावलीतल्या माणसाच्या हातात. अशा वेळी डावंउजवं जाणणारा सेन्सर घरातली निम्मी भांडणं मिटवेल. पण त्याच काळ्या बटणावर आपण काय ठेवतो? डॅशबोर्डवर मधोमध, सपाट आणि दिसेल अशी जागा तीच, म्हणून गणपती तिथेच चिकटवला जातो, त्याच्यापुढे हार, कधी टोल नाक्याच्या पावत्या, कधी मऊ केसाळ गालिचा. त्यानंतर गाडीच्या लेखी भर दुपारी रात्र असते. काही गाड्यांत तर या एका झाकलेल्या बटणामुळे दिवसा हेडलाइटही लागतात, तेव्हा कुठे लक्षात येतं. बाप्पाला चार बोटं बाजूला घ्यायला कुठलंच शास्त्र आड येत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. लोक म्हणतात, सेन्सर धड आहेत, जाळी साफ आहे, तरी 24 वर आम्हाला गरमच होतं. घरात 24 वर मात्र पांघरूण लागतं. खरं आहे. 2020 पासून आपल्याकडे खोलीचे स्टार लेबलवाले एसी 24 वर लावूनच येतात, आणि तिथून तो आकडा आपल्या डोक्यात बसला. पण खोलीला भिंती असतात, गाडीला काचा. डॅनिश अभियंता पी. ओ. फँगर यांनी 1970 च्या आपल्या ग्रंथात सुखद वाटण्याची सहा कारणं धरली: हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांची धग, वाऱ्याचा वेग, दमटपणा, शरीराची हालचाल आणि अंगावरचे कपडे. जाळीमागचा थर्मिस्टर यांतलं फक्त पहिलं मोजतो. मांडीवर ऊन आहे, काच तापून धग फेकते आहे, आणि पडद्यावर 24. दोन्ही खरं. म्हणून उन्हाच्या गाडीत 22 लावण्यात काही पाप नाही. फक्त ते लावून हात काढून घ्यावा. शिवाय फँगर यांची गणितं मुख्यतः डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या तरुण विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांतून आली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीय कार्यालयांतल्या माणसांना विचारून जे प्रारूप मांडलं, त्यात आपल्याला त्या गणितापेक्षा जास्त उष्मा सोसवतो, असं दिसलं. तेव्हा 22 सुद्धा देवाचा शब्द नाही.

दुसरा आक्षेप पेट्रोल वाचवणाऱ्यांचा, आणि तो पावसाळ्यात ऐकू येतो. ताम्हिणी घाटात बाहेर 22 अंश, आत पाच माणसं ओले कपडे घालून. आता एसी कशाला म्हणून तो बंद, आणि दोन वळणांत काच धुरकट. चालक फडक्याने पुसतो, ती पुन्हा धुरकटते. कारण एसी फक्त थंड करत नाही, तो हवा पिळून काढतो: थंड कॉइलवर दमटपणा पाणी होऊन गाडीखाली ठिबकतो, आणि मग हीटरकडून गरम हवा कालवून 24 ची कोरडी हवा आत सोडता येते. ऑटोमध्ये एसीचं बटण बंद केलं तर यंत्राचा हा वाळवणारा हातच तोडला जातो. थंडी नको असेल तर आकडा वाढवावा, एसी बंद करू नये. उलट काच बाहेरून धुरकटली असेल, वायपरने साफ होत असेल, तर प्रकरण वेगळं: गार हवा थेट काचेवर मारून काच फार थंड झाली आहे, आणि बाहेरचा दमटपणा तिच्यावर बसतो आहे. तिथे हवेचा रोख पायांकडे वळवावा. आणि फार वेळ आतलीच हवा फिरत ठेवू नये. पाच माणसांचा उच्छ्वास साठत जातो, जांभया सुरू होतात, आणि दोष दुपारच्या जेवणाला दिला जातो.

तिसरा आक्षेप गॅरेजमधून येतो, एका शब्दात: गॅस. एसीची कुठलीही तक्रार सांगा, उत्तर तयार असतं, गॅस कमी झालाय, भरून देतो. पण गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो. खरंच कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतो आहे, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. त्याआधी ग्लोव्ह बॉक्समागचा घडीघडीचा फिल्टर काढून पाहावा: पानं, केस, धूळ, एखाद्या वेळी उंदराने आणलेली शेंग. तो चोंदला की ब्लोअर ओरडतो आणि हवा येत नाही. डॅशबोर्डच्या आतून टकटक आवाज येत असेल तर फ्लॅप फिरवणाऱ्या मोटरचे दात झिजलेले असू शकतात. सेन्सर तपासायला गाडी संगणकाला जोडली तर बिघाडाचे कोड मिळतात, पण तिथेही डोकं लागतं: काही गाड्या गॅरेजच्या अंधारात तपासल्या तर सूर्याचा सेन्सर बिघडला असा कोड देतात, कारण तिथे सूर्यच नसतो.

राहता राहिला सगळ्यांत कठीण आक्षेप, की माझं अंग मला कळतं, यंत्राला काय कळणार? चालकापुरतं बोलायचं तर अंग नेहमी उशिरा कळवतं. उन्हातून आलेलं अंग 18 मागतं, निवल्यावर 26, आणि प्रत्येक वेळी नजर रस्त्यावरून पडद्यावर जाते. तिथे ऑटो जिंकतो. पण मागच्या सीटपुरता आक्षेप मी मान्य करतो. बहुतेक साध्या गाड्यांत जाळी पुढे, सूर्य पाहणारा पुढे, आकडा पुढच्यांचा. मागे मधल्या कन्सोलच्या पाठीला दोन झरोके असतात, आणि त्यांतून येते ती पुढच्यांच्या हिशेबाने कालवलेली हवा, नेमकी गुडघ्यांवर आणि छातीवर. मागे बसलेली आजी पदर कानावरून ओढून घेते, आणि झरोका मिटायची ती छोटी दातेरी चकती अंधारात चाचपडत राहते.