बुडालेला बांध

गेल्या शनिवारी अण्णा हरवले. म्हणजे तासभरच. कर्जतहून खोपोली लोकलने खालापूर तालुक्यात बहिणीकडे निघाले, लौजीला उतरायचं ते थेट खोपोलीला उतरले आणि स्टेशनबाहेर उभे राहिले. पुढे कुठे जायचं तेच आठवेना. वय ७८.

हाच माणूस जुलैत आमच्या भातखाचरांतून चालायचा. बांध गढूळ पाण्याखाली गेलेले, तरी पलीकडचं आंब्याचं झाड आणि मागचा डोंगर बघत बरोब्बर बांधावर पाय ठेवायचा. मी मागून चिखलात!

रविवारी शेजारचे काका आले. "अरे, भांग दे त्यांना थोडी. म्हाताऱ्या उंदरांची आठवण परत आली भांगेने, मोबाइलवर आलंय." मी हसलो, पण रात्री वाचत बसलो. सवय वाईट!

तर मंडळी, काकांची बातमी अगदीच खोटी नव्हती. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली मांडलेली उंदरांची परीक्षा म्हणजे आमचं खाचरच. गोल टाकी, गढूळ पाणी, आणि पाण्याखाली जेमतेम बुडालेला छोटा चौथरा. भोवतालच्या खुणा लक्षात ठेवून उंदराने तो शोधायचा. जागा लक्षात ठेवण्याचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस करतो, आणि भांगेतलं टीएचसी जिथे चिकटतं ते रिसेप्टर तिथेच दाटीने असतात. म्हणून टीएचसी दिलं की तरुण उंदीर चुकतात.

पण २०१७ साली बॉन आणि जेरुसलेमच्या संशोधकांनी उंदरांना २८ दिवस अगदी कमी मात्रा दिली आणि ती थांबवून काही दिवसांनी परीक्षा घेतली. दोन महिन्यांचे उंदीर बिघडले. वर्षाचे, दीड वर्षाचे सुधारले! मेंदू स्वतःही असे पदार्थ बनवतो. १९९२ साली सापडलेल्या एकाचं नावच 'आनंद'वरून आनंदमाइड ठेवलंय. वयाबरोबर ही यंत्रणा मंदावते, तिला तिथे टेकू मिळाला असावा.

मग अण्णांना का नाही? उंदरांना कातडीखालच्या पंपातून मोजून थेंब मिळत होते. भांगेच्या पेल्यात किती टीएचसी, कोण मोजणार? त्यात अण्णांना बीपीच्या गोळ्या चालू. शिवाय उंदीर चुकला तर त्याला टाकीतून उचलून घेतात. अण्णा चुकले तर?

काकांना नाही म्हणालो. डॉक्टरांची वेळ घेतलीय.

येत्या शनिवारी अण्णांबरोबर बहिणीकडे जाणार आहे. लौजी आलं की मी आधी बोलणार नाही. बघू, उठतात का...